लेकीच्या टीममध्ये आम्ही दोघं: मिरज ते किसुमु

"पुढचे अकरा दिवस मी तुमची मुलगी नाही, टीम लीडर आहे," लेकीने पुण्यातल्या पहिल्याच मीटिंगला सांगितलं. हे हसले, मीही हसले. ते हसणं चौथ्या दिवशी अंगाशी आलं. ओघात सांगतेच.

आम्ही मिरजेचे. हे रेल्वेतून रिटायर, वय 67. मी प्राथमिक शाळेत होते, 62 पूर्ण. लेक-जावई पुण्यात, दोघंही फिजिओथेरपिस्ट. त्यांच्या मंडळीची, म्हणजे चर्चची, टीम केनियात किसुमुजवळच्या एका गावी आरोग्य शिबिराला आणि तिथल्या मंडळीबरोबर उपासनेला निघाली होती. दोन जण ऐनवेळी गळाले आणि त्या दोन जागा आमच्या गळ्यात पडल्या. मिरजेला मिशन नवं नाही. मिशनरी डॉ. वानलेस 1889 साली भारतात आले, 1894 मध्ये इथं हॉस्पिटल उभं राहिलं, आमच्या घरातले तीन पिढ्यांचे जन्म तिथलेच. पण मिशनरी म्हणजे बाहेरून आपल्याकडे येणारा, हेच डोक्यात बसलेलं. आमच्या चर्चच्या पंचकमिटीतल्या एकांनी विचारलंच, "या वयात तुम्ही तिथं जाऊन करणार काय?" प्रश्न काही चुकीचा नव्हता.

आधी कागदपत्रं, कारण आमच्या वयाच्यांची अडचण तिथंच होते. केनियाला जानेवारी 2024 पासून व्हिसाऐवजी ई-टीए, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी, काढावी लागते. ती लेकीने सगळ्यांची एकदम भरली. खरी धावपळ झाली पिवळ्या तापाच्या लशीची. भारतातून थेट जाताना केनिया ही लस मागत नाही, परत येताना भारत मागतो. लस घेतल्याचं कार्ड नसेल तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि घेतल्यापासून दहा दिवसांनी कार्ड लागू होतं. एकदा घेतली की जन्मभर चालते. मात्र साठीनंतर पहिल्यांदाच घेणाऱ्यांना त्रास होण्याचा धोका तरुणांपेक्षा जास्त असतो, तेव्हा आधी आपल्या डॉक्टरांशी नीट बोला. आमच्या डॉक्टरांनी ह्यांचे रिपोर्ट दोनदा करायला लावले, मगच हो म्हणाले. दोन महिने आधी सुरुवात केली म्हणून निभावलं.

किसुमु व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावर आहे, मलेरियाचा भाग. मलेरियाच्या गोळ्या परतल्यावरही ठरलेले दिवस घ्याव्याच लागतात. घरी आल्यावर ह्यांना त्याचा कंटाळा आला, म्हणून मी रोज ताटाशेजारी ठेवत गेले. प्रवास विम्यात आधीपासूनचे बीपी-शुगर धरलेत का, हे फोन करून विचारा. आमच्या पहिल्या पॉलिसीत नव्हते.

निघायच्या आदल्या रात्री लेकीने माझी बॅग पुन्हा उपसली. दोन किलो भडंग मी कॅरीबॅगांत बांधून घेतलं होतं. केनियात प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर ऑगस्ट 2017 पासून कडक बंदी आहे. सगळं भडंग डब्यांत गेलं. पोळपाट-लाटणंही बाहेर निघालं, त्यावर जरा वाद झाला. (लेकीचं बरोबर होतं. तिकडे चपातीला चपातीच म्हणतात, मैद्याच्या पिठाची तेल लावून गुंडाळी करतात आणि जाडसर लाटतात. माझी पातळ चपाती बघून तिथल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.) पितळी टाळ मात्र मी हँडबॅगेत ठेवले आणि मुंबईला सिक्युरिटीत अडकले. त्या पोरसवदा जवानाला वाजवून दाखवले तेव्हा सोडलं. टाळ खालच्या बॅगेतच टाका.

मुंबईहून नैरोबी सहा-साडेसहा तास, तिथून किसुमुला छोटं विमान. रस्त्याने साडेतीनशे किलोमीटर आहे, पण गुडघ्यांचा विचार करून जावयांनी विमान घेतलं, देव त्यांचं भलं करो. घड्याळ अडीच तास मागे. प्लग तीन चपट्या पिनांचा, आपला बसत नाही.

रविवारची उपासना चार तास चालली. पाहुण्याला पुढे बोलावतातच, तेव्हा दोन वाक्यं तयार ठेवा. "ब्वाना असिफिवे" म्हणजे प्रभूची स्तुती असो. एवढं म्हटलं की सगळी मंडळी "आमेन" म्हणते आणि आपला घसा मोकळा होतो. मग आम्ही टाळ घेऊन एक मराठी भजन म्हटलं. तिसऱ्या ओळीपासून त्यांच्या ढोलवाल्याने ठेका धरला तो आमच्यापेक्षा सरस होता.

शिबिरात मला जवळचं वाचायच्या चष्म्यांचं टेबल मिळालं. एक नंबर, दीड, दोन, असे डबे लावलेले. पहिल्या आजी आल्या, त्यांना चष्मा लावला आणि त्यांच्याच बायबलमधलं 23वं स्तोत्र उघडून दिलं. आजींनी घडाघडा वाचलं. मी खूश. मग लक्षात आलं, पुस्तक उलटं धरलंय. सगळं पाठ होतं त्यांना! तेव्हापासून मी औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायला देत होते. चष्मे घेऊन जाणार असाल तर हे लक्षात ठेवा. यजमान मंडळीचं पत्र आणि चष्म्यांची यादी सोबत असू द्या. औषधं आम्ही इथून नेलीच नाहीत, तिथल्याच दुकानातून घेतली. टीममध्ये डॉक्टर-नर्स असतील तर त्यांना तिथलं तात्पुरतं लायसन्स लागतं, ते काम महिनोन् महिने आधी सुरू करा.

आता चौथा दिवस. शिबिरात एक मुलगा ह्यांच्याशी इंग्रजीत गोड बोलत होता. शाळेची फी थकली होती. ह्यांनी कुणाला न विचारता पाच हजार शिलिंग हातावर ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटशी अकरा बायका, प्रत्येकीच्या हातात शाळेचं फीचं कार्ड.

लेकीने ह्यांना बाजूला घेतलं. "पप्पा, तुम्ही देऊन मोकळे झालात. आपण गेल्यावर ही रांग इथल्या चर्चच्या पाळकसाहेबांच्या दारात लागेल. कुणाची गरज खरी, हे त्यांना माहीत आहे, आपल्याला नाही." चाळीस वर्षं नोकरीत वरच्या साहेबालाही उलट बोललेले हे गृहस्थ, खाली मान घालून उभे होते. रात्री उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा) आणि पालेभाजी पुढ्यात होती, पण जेवले नाहीत. मच्छरदाणीत शिरताना लेकीने मला हळूच विचारलं, "मी बापाला बोलले का गं?" मी म्हटलं, "बोललीस. आणि बरोबर बोललीस."

तुम्ही जाणार असाल तर हे घरूनच ठरवून घ्या: द्यायचे ते पैसे टीमच्या एकाच पाकिटात, आणि ते पाळकांच्या हाती. लहान मुलांना चॉकलेटंसुद्धा परस्पर वाटायची नाहीत, न विचारता त्यांचे फोटो काढायचे नाहीत. आणि मुलांच्या टीममध्ये त्यांना सगळ्यांदेखत "बाळा, जेवलास का" विचारू नका, ती लाल होतात.

ह्यांचा मूड आला तो किसुमु स्टेशनात. मोंबासाहून निघालेली लाइन 1901 साली सरोवराला टेकली. ती बांधायला भारतातून तीस हजारांच्या वर मजूर गेले होते. तिथल्या माणसाला विचारून हे रुळांत उतरले, अंतर बघितलं आणि ओरडले, "मीटर गेज! आपलं जुनं मिरज!" मिरजेत एके काळी तिन्ही गेज, म्हणजे रुळांतल्या अंतराचे तिन्ही प्रकार, होते, हे जावयांना त्या दिवशी किमान चार वेळा कळलं.

मुंबईला उतरलो तेव्हा इमिग्रेशनच्या आधीच हेल्थ डेस्कवर लशीचं पिवळं कार्ड मागितलं. ह्यांनी खिसे चाचपले, मी पर्स उलटी केली. कार्डं मोठ्या बॅगेत होती, आणि बॅगा पट्ट्यावर, पलीकडे. घाम फुटला. लेक मागच्या रांगेतून शांतपणे पुढे आली आणि फाइल उघडून दोन्ही कार्डं टेबलावर ठेवली. नैरोबीतच आमच्या बॅगेतून काढून घेतली होती म्हणे.