एस-थ्रीची नक्कल आणि ॲमेझॉनची जबाबदारी

जानेवारी २०२५मध्ये ॲमेझॉनने आपल्या एसडीकेंमध्ये, म्हणजे एस-थ्री या तिच्या क्लाउडवरील फाइल-साठवण सेवेशी प्रोग्रॅममधून बोलणाऱ्या लायब्रऱ्यांमध्ये, वरकरणी किरकोळ वाटणारा एक बदल केला. फाइल अपलोड करताना सीआरसी-३२ हा चेकसम, म्हणजे फाइलमधील मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा, न सांगताच जोडला जाऊ लागला. वाटेत एखादा बिट बिघडला तर सर्व्हरला लगेच कळावे, हा त्यामागचा हेतू, आणि तो योग्यच होता.

अडचण अशी की या लायब्रऱ्या केवळ एस-थ्रीसाठी वापरल्या जात नाहीत. २००६ साली सुरू झालेल्या या सेवेचा एपीआय, म्हणजे प्रोग्रॅमने तिच्याशी बोलण्याचे ठरलेले नियम, पुढे ऑब्जेक्ट स्टोरेजची, म्हणजे अशा फाइल-साठवणीची, सामाईक बोली बनला. क्लाउडफ्लेअरची आर-टू, बॅकब्लेझची बी-टू, स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येणारी सेफ (Ceph) आणि मिनआयओ ही सॉफ्टवेअर, हे सगळे तीच बोली बोलतात. ग्राहकाने ॲमेझॉनचीच लायब्ररी ठेवावी आणि फक्त एंडपॉइंटचा पत्ता बदलावा, हीच त्यांची मोठी सोय. नवी आवृत्ती आली आणि अशा काही सर्व्हरवर अपलोड अडू लागले. अनेक फाइली एकदम पुसण्याच्या विनंतीत पूर्वी एमडी-५ हा जुना चेकसम जात असे, त्याच्या जागी सीआरसी-३२ जाऊ लागला. ज्या सर्व्हरांना एमडी-५ हवाच होता, त्यांनी ती विनंती नाकारली.

यावर ‘ॲमेझॉनने सुसंगतता राखायलाच हवी होती’ असे म्हणणे मला पटत नाही. एप्रिल २०२१मध्ये गुगल विरुद्ध ओरॅकल खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, गुगलने ओरॅकलच्या जावा या प्रोग्रॅमिंग भाषेच्या एपीआयमधील सुमारे ११,५०० ओळी उचलणे हा रास्त वापर ठरवला. तो निकाल मला मोलाचा वाटतो, कारण त्याने नक्कल करणाऱ्याला बळ दिले. परंतु मूळ निर्मात्याने जागच्या जागी थांबून राहावे, असे त्यात कुठेही नाही. तसे बंधन असते, तर ऑगस्ट २०२४मध्ये आलेले सशर्त लेखन, म्हणजे त्या नावाची फाइल आधीपासून नसेल तरच लिहिण्याची सोय, सर्वांत मागे राहिलेल्या नकलेसाठी खोळंबली असती.

माझा आक्षेप दुसऱ्याच ठिकाणी आहे. बोटो-थ्री या ॲमेझॉनच्या पायथनसाठीच्या लायब्ररीमध्ये हा बदल १.३५ वरून १.३६ वर जाताना आला. मधला आकडा बदलला की नव्या सोयी मिळतील, पण चालू काम मोडणार नाही, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते, आणि अपाचे परवान्याखाली खुल्या केलेल्या लायब्ररीचा वापरकर्ता या अपेक्षेच्याच भरवशावर आवृत्ती सैल ठेवतो, म्हणजे नवी आवृत्ती आपोआप येऊ देतो. ॲमेझॉन हे देणे नक्कल करणाऱ्या कंपनीचे नव्हे, तर त्या वापरकर्त्याचे लागते, मग त्याच्या फाइली कुठेही असोत. जुन्या वागणुकीकडे परतण्यासाठी ॲमेझॉनने ‘व्हेन रिक्वायर्ड’ (गरज असेल तेव्हाच चेकसम) ही सेटिंग दिली, ही गोष्ट मी तिच्या बाजूने धरतो. ती नसती, तर माझे मत निराळे झाले असते.

१२ सप्टेंबर २०२५पासून लागू झालेला युरोपीय संघाचा डेटा कायदाही ग्राहकालाच केंद्रस्थानी ठेवतो: त्याला एका क्लाउडवरून दुसऱ्यावर जाता यावे, यासाठी तो पुरवठादारांवर बंधने घालतो.

मिनआयओने स्वतःच्या क्लायंट लायब्रऱ्या लिहिल्या, हे मला अधिक प्रामाणिक वाटते. जी कंपनी सुसंगततेच्या नावावर पैसे घेते, तिने निदान ॲमेझॉनच्या प्रत्येक नव्या आवृत्तीची चाचणी ती बाहेर पडताच घ्यावी आणि कोणती आवृत्ती चालते, हे ग्राहकाला लेखी कळवावे.