मॅडम, जेवलात का?

छातीत धडधडतं, श्वास अडकतो, लोकलने परळ सोडलं की उठून दारापाशी उभं राहावं लागतं. ईसीजी, स्ट्रेस टेस्ट, टूडी एको, सगळं नॉर्मल. हार्टच्या डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे धाडलं, त्यांनी गोळ्या सुरू करून माझ्याकडे, म्हणजे बोलून उपचार करणाऱ्या थेरपिस्टकडे. गृहस्थ पन्नाशी ओलांडलेले, बँकेत अधिकारी. (ओळख पटेल असे तपशील बदललेत, लिहायला त्यांची परवानगी आहे.) त्रास कधीपासून? मुलाची आयटीतली नोकरी गेली आणि तो घरी आहे, तेव्हापासून. ‘पण मुलावर राग वगैरे अजिबात नाही हं,’ हे मी न विचारताच सांगून झालं. न विचारता मिळालेली उत्तरं मी वहीत वेगळी टिपून ठेवते.

दादरला एका डेंटिस्टकडची मागची खोली मी संध्याकाळी वापरते. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, ‘तो झोपायचा कोच नाही का तुमच्याकडे?’ मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड व्हिएन्नात पेशंटला कोचावर झोपवायचा आणि जवळजवळ रोज भेटायचा. दादरच्या भाड्यात दोन खुर्च्या मावतात आणि पेशंटच्या खिशाला आठवड्यातून एक सेशन. बाकी रीत बरीचशी तीच. सीबीटीत, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायच्या थेरपीत, गृहपाठ असतो, तक्ते भरायचे असतात. सायकोडायनॅमिक, म्हणजे मनोगतिकीय पद्धतीत पेशंटने मनात येईल ते बोलायचं आणि आम्ही बहुतेक वेळ ऐकायचं. गप्प माणसासमोर पन्नास मिनिटं बोलत राहणं सोपं नसतं.

हे गृहस्थ मात्र अतिशय नम्र. आल्या आल्या ठरलेला प्रश्न: ‘मॅडम, जेवलात का?’ संध्याकाळी सव्वासहाला! मी काहीही उत्तर दिलं तरी चेहऱ्यावर काळजी तशीच.

त्यांचं लहानपण लालबागच्या चाळीत गेलं. वडील गिरणीत साचेखात्यात. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. वडील परत कामावर गेले नाहीत. गॅलरीत स्टुलावर बसायचे, बिडी विझली तरी बोटांत तशीच. आई ऑफिसातल्या लोकांना पोळीभाजीचे डबे करून द्यायची, हा शाळेआधी ते पोचवायचा. परत आला की स्टुलापाशी जाऊन विचारायचा, ‘बाबा, जेवलात का?’ उत्तर एकच, ‘तुम्ही जेवा.’ हे सगळं त्यांनी मला शांतपणे, पासबुकातल्या नोंदी वाचाव्यात तसं सांगितलं. कडवटपणा औषधालाही नाही. ‘बिचारे काय करणार होते?’

जुलैत एका बुधवारी हिंदमाताला कमरेएवढं पाणी भरलं आणि मी अडकले. फोन केला तेव्हा ते अर्धी रजा टाकून, भिजत, दवाखान्याच्या जिन्यात पोचलेले होते. पुढच्या बुधवारी हसतमुखाने आले. हातात डबा. घावणे आणि चटणी, माझ्यासाठी. मागच्या आठवड्याबद्दल काय वाटलं, असं विचारलं, तर ‘छे छे, पावसापुढे कोणाचं चालतं?’ मग बराच वेळ कोणीच बोललं नाही. डबा टेबलावर. शेजारी कोणाच्या तरी दाढेत ड्रिल चाललेलं.

मी विचारलं, ‘मी उपाशी असेन असं तुम्हाला का वाटतं?’

आणि हे गृहस्थ ओरडले. ‘नुसत्या बसून असता तुम्ही! माणूस समोर गुदमरतोय आणि तुम्ही ढिम्म! किती वर्षं असे बसणार आहात? बोलत नाही, चिडत नाही, जेवत नाही, नुसते बसलेले असता तिथे!’

‘नुसत्या’चं ‘नुसते’ झालेलं त्यांना कळलं नव्हतं. मुंबईच्या मराठीत लिंगाचे घोळ रोजचेच, एरवी मी ऐकून सोडून दिलं असतं. जिभेच्या प्रत्येक घसरणीत अर्थ शोधणाऱ्यांचा मला कंटाळा आहे. पण हे बोलायला काटेकोर आणि मी तर चांगली खातीपिती बाई. न जेवता बसलेलं माणूस त्या खोलीत नव्हतंच.

जुन्या नात्यातल्या भावना पेशंट नकळत थेरपिस्टवर उतरवतो, ट्रान्सफरन्स म्हणतात ते हेच. फ्रॉइडला ते डोरा या त्याच्या पेशंटच्या केसमध्ये उशिरा उमगलं. अठरा वर्षांची ती मुलगी 1900 च्या शेवटच्या दिवशी उपचार सोडून गेली, आणि आपण ट्रान्सफरन्स वेळेत ओळखला नाही हे त्याने 1905 साली छापलेल्या केसमध्ये लिहून ठेवलं. पेशंट विसरलेली गोष्ट आठवून सांगत नाही, पुन्हा करून दाखवतो, हे त्याने 1914 मध्ये मांडलं. मी महिनोन् महिने वडिलांविषयी विचारत होते, आणि वडील माझ्याच खुर्चीत होते.

ते एकदम हात जोडून ‘सॉरी मॅडम, सॉरी’ करू लागले. मी म्हटलं, ‘चालू दे. गॅलरीतल्या माणसाला अजून काय म्हणायचंय?’ थोडा वेळ कळलंच नाही त्यांना. मग कळलं. पुढचं इथे लिहीत नाही. शिव्या बऱ्याच होत्या आणि रडणंही.

चमत्कार काही झाला नाही. गोळ्या चालू आहेत, परळनंतर अजूनही कधी कधी दारापाशी जावं लागतं. मुलावर मात्र पहिल्यांदा आवाज चढवला, मुलानेही चढवला. दोघं दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी नोकरीचे अर्ज कुठे कुठे केलेत यावर नीट बोलले.

आणि माझ्याशी भांडण. ‘मी आलो नाही तर तुम्ही पूर्ण फी घेता. तुम्ही आला नाहीत, माझी अर्धी रजा गेली, त्याचं काय?’ मुद्दा बिनतोड होता. अर्धं सेशन त्यावरच गेलं. जेवलात का, हे त्या दिवशी विचारायचं राहिलं.