मोठे सॉफ्टवेअर, त्याच्या भाषा आणि दोन मॉड्यूलमधली सीमा

प्रोग्रामिंग भाषांविषयीचे बहुतेक वाद शंभर ओळींच्या उदाहरणांवर लढले जातात. एखादी यादी कोणत्या भाषेत कमी ओळींत गाळता येते, कोणाचे लूप अधिक सुटसुटीत दिसते, अशा तुलना वाचायला गमतीच्या असतात आणि शिकणाऱ्याला उपयोगीही पडतात. मात्र वीस लाख ओळींचा, पंधरा वर्षे जुना आणि ज्याचे निम्मे मूळ लेखक केव्हाच दुसरीकडे निघून गेले आहेत असा प्रकल्प ज्याच्या गळ्यात पडतो, त्याला त्यांतून फारसे काही मिळत नाही. त्याच्यापुढचा प्रश्न असा असतो की, या फंक्शनमध्ये मी बदल केला तर आणखी कुठे काय मोडेल, आणि सगळा कोड न वाचता ते मला कसे कळेल? मोठ्या कामासाठी भाषा निवडताना मी तरी हाच प्रश्न आधी विचारतो. त्याचे उत्तर एकटी भाषा देऊ शकत नाही; भाषा आणि तिच्याभोवतीची साधने मिळून ते देतात, आणि कोडमध्ये जे स्पष्टपणे नोंदलेले असते तेवढ्यावरच साधनांना खात्रीने बोलता येते.

हा विचार जुनाच आहे. १९७२ साली डेव्हिड पार्नास यांनी एका छोट्या शोधनिबंधात एकच प्रोग्राम दोन प्रकारे मॉड्यूलमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या लिहिता येणाऱ्या भागांमध्ये, विभागून दाखवला. पहिल्या प्रकारात कामाच्या टप्प्यांप्रमाणे मॉड्यूल पाडलेले होते: आधी मजकूर वाचा, मग ओळी फिरवा, मग वर्णानुक्रमे लावा, मग छापा. कोणालाही प्रथम सुचावी अशीच ही मांडणी आहे. तिच्यातला दोष असा की ओळी मेमरीत कशा साठवल्या आहेत हे जवळपास प्रत्येक मॉड्यूलला ठाऊक असावे लागते, आणि ती साठवणूक बदलायची ठरली की सगळीकडे हात घालावा लागतो. दुसऱ्या प्रकारात त्यांनी प्रत्येक मॉड्यूलला एकेक निर्णय लपवून ठेवण्याचे काम दिले, विशेषतः पुढे बदलण्याची शक्यता असलेला निर्णय. तीन वर्षांनी, १९७५ मध्ये, फ्रँक डीरेमर आणि हान्स क्रॉन यांनी आणखी पुढे जाऊन असे मांडले की एक मॉड्यूल लिहिणे आणि अनेक मॉड्यूलची रचना करणे ही दोन वेगळी बौद्धिक कामे आहेत, आणि दुसऱ्या कामासाठी स्वतंत्र भाषा हवी.

तशी स्वतंत्र भाषा रूढ झाली नाही. मॉड्यूलची कल्पना मात्र नेहमीच्या भाषांमध्ये शिरली. झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेतील मेसा, बार्बरा लिस्कोव्ह यांच्या गटाची सीएलयू आणि निकलाउस वीर्थ यांची मॉड्युला-२ या भाषांनी काय उघडे आणि काय झाकलेले हे ठरवण्याचा अधिकार भाषेला दिला. मॉड्युला-२ मध्ये मॉड्यूलची व्याख्या एका ठिकाणी आणि तिची अंमलबजावणी दुसऱ्या ठिकाणी लिहिली जाते, आणि दोन्हींचा मेळ बसतो की नाही हे कंपायलर, म्हणजे कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, स्वतः तपासतो.

त्याच काळात जगभर पसरली ती सी. सीमध्ये मॉड्यूल नाही. फाइल आहे, आणि हेडर फाइल म्हणजे दुसऱ्या फाइलमध्ये जसाच्या तसा ओतला जाणारा मजकूर. प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे कंपाइल होते आणि शेवटी लिंकर त्यांना जोडतो, पण तो पाहतो फक्त नावे. एका फाइलने फंक्शन एका प्रकारे लिहिले आणि दुसरीने ते वेगळ्याच प्रकारे जाहीर करून वापरले, तरी लिंकरला त्यात वावगे काही दिसत नाही. ही उणीव झाकण्यासाठी बेल लॅब्समध्ये स्टीव्हन जॉन्सन यांनी लिंट हे वेगळे साधन लिहिले. भाषेने सोडून दिलेली जबाबदारी बाहेरच्या साधनाने उचलावी, हा क्रम येथून पुढे वारंवार दिसतो.

कोणत्या फाइली नव्याने कंपाइल करायच्या हे ठरवणाऱ्या मेक या साधनाची कथा याहून बोलकी आहे. १९७६ साली बेल लॅब्समध्येच स्टुअर्ट फेल्डमन यांच्या एका सहकाऱ्याने अख्खी सकाळ अशा प्रोग्राममधली चूक शोधण्यात घालवली की जी चूक आधीच दुरुस्त झालेली होती. बदललेली फाइल नव्याने कंपाइल झालेली नव्हती, एवढेच. त्यावर उपाय म्हणून फेल्डमन यांनी जे लिहिले ते आज जवळजवळ पन्नास वर्षांनीही वापरात आहे. (मेकफाइलमध्ये आज्ञेच्या ओळीआधी टॅबच लागतो, हा नव्या माणसाला हमखास छळणारा नियम त्याच पहिल्या दिवसांतला आहे. तो अडचणीचा आहे हे लक्षात आले तेव्हा मेकचे वापरकर्ते डझनभर झाले होते, आणि त्यांची गैरसोय नको म्हणून तो तसाच राहिला. मोठ्या सॉफ्टवेअरमधली सुसंगतता किती लवकर बेडी होते याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.) मेकच्या केंद्रस्थानी एक यादी असते: कोणती फाइल कोणत्या फाइलींवर अवलंबून आहे. मुळात ही यादी माणसाने हाताने लिहायची होती, कारण भाषेला ती ठाऊकच नव्हती. यादी आणि कोड यांची फारकत झाली की बिल्ड, म्हणजे सगळ्या फाइलींतून प्रोग्राम तयार करण्याची प्रक्रिया, खोटे बोलू लागते.

एडा या भाषेने नेमकी ही माहिती भाषेत आणली. सत्तरीच्या दशकात अमेरिकेच्या संरक्षण खात्यापुढे भाषांच्या बजबजपुरीचा प्रश्न होता. जवळपास प्रत्येक प्रकल्प आपली वेगळी भाषा किंवा बोली वापरत होता. १९७५ पासून त्यांनी गरजांचे दस्तऐवज एकामागून एक काढले, १९७८ मधला ‘स्टीलमन’ हा त्यांतला अंतिम, आणि स्पर्धेतून झां इशबिया यांच्या गटाची भाषा निवडली. एडामध्ये एखादा घटक दुसऱ्या पॅकेजवर (एडातल्या मॉड्यूलवर) अवलंबून असेल तर ते त्याच्या डोक्यावरच लिहावे लागते, आणि वेगवेगळ्या वेळी कंपाइल केलेल्या घटकांमधली तपासणी एकाच फाइलमध्ये असल्यासारखीच काटेकोर झाली पाहिजे असे मानकच सांगते. पॅकेजचा उघडा भाग बदलला की त्यावर विसंबलेले घटक कालबाह्य ठरतात, आणि ते नव्याने कंपाइल केल्याशिवाय प्रोग्राम जोडला जात नाही. फेल्डमन यांच्या सहकाऱ्याची ती सकाळ येथे वाचली असती.

एडाच्या कर्त्यांना हेही कळले होते की भाषा एकटी पुरणार नाही. फेब्रुवारी १९८० मध्ये जॉन बक्स्टन यांनी तयार केलेला ‘स्टोनमन’ हा दस्तऐवज भाषेविषयी जवळजवळ काहीच बोलत नाही. तो बोलतो साधनांविषयी: सर्वांत आत यंत्रानुसार बदलणारा गाभा, त्यावर कंपायलर, एडिटर, लिंकर, डिबगर असा किमान संच, आणि त्याबाहेर प्रकल्पाच्या गरजेप्रमाणे वाढणारी संपूर्ण व्यवस्था. सर्वांच्या मध्यभागी एक डेटाबेस, ज्यात कोड, दस्तऐवज, आवृत्त्या, चाचण्या आणि त्यांचे परस्परसंबंध नोंदलेले असतील. मोठ्या प्रकल्पाचे आयुष्य वीस-तीस वर्षांचे असते आणि त्यातला बहुतेक खर्च पहिल्या आवृत्तीनंतरच्या देखभालीवर होतो, हे गृहीत धरून लिहिलेला असा दस्तऐवज त्या काळी दुर्मीळच होता.

पुढे त्याचे काय झाले हे पाहिले की थोडे वाईट वाटते. साधने आणि गाभा यांच्यामधल्या जोडणीचे मानक १९८६ मध्ये आले, पण ते बाजारात रुजले नाही. रॅशनल कंपनीने आर-१००० नावाचे यंत्रच एडासाठी बांधले. त्यात प्रोग्राम हा मजकूर म्हणून न साठवता त्याच्या रचनेचे झाड साठवले जाई, त्यामुळे अर्थाच्या पातळीवरची तपासणी आणि शोध ही त्या व्यवस्थेची सहज कामे होती. कल्पना सुंदर होती, यंत्र महाग होते. दुसरीकडे युनिक्सच्या जगात साध्या मजकुराच्या फाइली, त्यांच्यावर चालणारी छोटी साधने आणि आरसीएससारखी आवृत्ती सांभाळणारी व्यवस्था जवळजवळ कोणत्याही यंत्रावर चालत होती. स्टोनमनचे निदान बरोबर होते असेच मी म्हणेन. फसले ते सगळे आधी एका ठिकाणी, एका मानकात बांधून मग वापरायला देण्याचे धोरण. अनुभव येण्यापूर्वीच मानक ठरवले गेले.

भाषेच्या काटेकोरपणाचीही मर्यादा असते, आणि ती दाखवणारी दुर्घटना एडाच्याच वाट्याला आली. ४ जून १९९६ रोजी एरियान-५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात, सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. दिशा आणि वेग मोजणाऱ्या यंत्रणेचे सॉफ्टवेअर एरियान-४ वरून घेतलेले होते. क्षितिजसमांतर वेगाशी संबंधित एक ६४ बिटांची अपूर्णांकी संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवताना मर्यादेबाहेर गेली. अशा सात संख्यांपैकी चारांना संरक्षण दिलेले होते आणि तिघांना मुद्दाम दिलेले नव्हते, कारण एरियान-४ च्या मार्गावर त्या कधीच तेवढ्या मोठ्या होणार नव्हत्या आणि संगणकावरचा भार मर्यादेत ठेवायचा होता. तो निर्णय त्या रॉकेटपुरता योग्यच होता. मात्र ‘हे मॉड्यूल अमुक मार्गाच्या गृहीतकावर उभे आहे’ ही अट मॉड्यूलच्या उघड्या भागात कुठेच नव्हती. म्हणून ती कंपायलरला दिसली नाही आणि नव्या रॉकेटवर काम करणाऱ्या माणसांनाही नाही. सीमेवर लिहिलेले नसलेले गृहीतक सीमा ओलांडून गेले.

सीच्या हेडरप्रमाणे मजकूर ओतण्याच्या पद्धतीची खरी किंमत नंतर, प्रमाण वाढल्यावर कळली. रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये सांगितलेला एक आकडा मी विसरू शकत नाही: २००७ साली गूगलमधल्या सी++ च्या एका मोठ्या प्रोग्रामच्या सुमारे दोन हजार फाइली मिळून ४.२ मेगाबाइट होत्या, आणि सगळे हेडर ओतून झाल्यावर कंपायलरपुढे पोहोचणारा मजकूर ८ गिगाबाइटहून अधिक होता. जवळजवळ दोन हजार पट. गो ही भाषा पाइक, रॉबर्ट ग्रिझमर आणि केन थॉम्पसन यांनी त्याच वर्षी योजायला घेतली. न वापरलेले पॅकेज आयात केले तर गोमध्ये कंपाइल होत नाही आणि चक्राकार आयात चालत नाही, हे नियम नवख्याला हट्टी वाटतात. पण त्यांमुळे अवलंबित्वाचे जाळे नेहमी अचूक आणि आटोपशीर राहते, आणि कंपायलरला फक्त थेट आयात केलेल्या पॅकेजची तयार माहिती वाचून पुढे जाता येते. गोबरोबर येणारा कोड नीटनेटका मांडणारा प्रोग्रामही मला तितकाच महत्त्वाचा वाटतो. मांडणी सर्वत्र एकच असल्यामुळे हजारो फाइलींमधला बदल एखाद्या साधनाने केला तरी जुन्या-नव्या आवृत्तींमधल्या फरकात फक्त खरा बदल दिसतो.

काही सीमा भाषेत अजूनही मावत नाहीत. गूगलच्या कोडच्या एकाच भल्यामोठ्या भांडारात जानेवारी २०१५ मध्ये सुमारे दोन अब्ज ओळी होत्या. तेवढ्या पसाऱ्यात ‘ही लायब्ररी कोणी वापरायची’ हे त्यांचे बिल्डचे साधन ठरवते. त्याचाच खुला अवतार असलेल्या बेझलमध्ये प्रत्येक घटक कोणाला दिसावा हे नोंदवता येते, आणि परवानगी नसलेल्याने तो वापरला की बिल्ड थांबते. पार्नास यांचे लपवणे येथे भाषेतून उतरून बिल्डच्या फाइलीत राहायला आले आहे.

गेल्या दशकात याच्या उलट दिशेचाही प्रवास झाला. टाइप (कोणत्या नावात कोणत्या प्रकारची माहिती असेल याची नोंद) न लिहिता चालणाऱ्या भाषांत उभे राहिलेले प्रकल्प अवाढव्य झाले, आणि त्यांच्यावर टाइप मागाहून चढवले गेले: जावास्क्रिप्टवर २०१२ मध्ये टाइपस्क्रिप्ट, पीएचपीवर २०१४ मध्ये फेसबुकची हॅक, पायथॉनमध्ये २०१५ पासून टाइपच्या खुणा. ड्रॉपबॉक्सने २०१९ मध्ये चाळीस लाख ओळींच्या पायथॉनची अशी तपासणी चालू असल्याचे जाहीर केले. टाइपस्क्रिप्टचे टाइप कंपाइल होताना पुसले जातात आणि त्यांमुळे प्रोग्राम तसूभरही वेगाने धावत नाही. ते लिहायचे ते वाचणाऱ्यासाठी आणि साधनांसाठी. माझ्या सुरुवातीच्या दाव्याला याहून स्वच्छ पुरावा मी शोधणार नाही. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने खुला केलेला लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल हाही याच प्रवाहातला. प्रत्येक एडिटरसाठी प्रत्येक भाषेचा वेगळा आधार लिहिण्याऐवजी भाषेचे ज्ञान एका सर्व्हरमध्ये ठेवायचे आणि कोणत्याही एडिटरने ते विचारायचे. स्टोनमनला हवी असलेली साधनांमधली जोडणी अखेर आली, पण मध्यवर्ती डेटाबेसशिवाय आणि कोणाच्याही हुकमाशिवाय.

सी++ ची या बाबतीतली धडपड अजून संपलेली नाही. २०२० च्या मानकाने त्या भाषेत अखेर खरे मॉड्यूल आणले, म्हणजे मेसा आणि मॉड्युला-२ नंतर चार दशकांनी. वापर मात्र कूर्मगतीने वाढतो आहे, आणि त्याचे मुख्य कारण भाषेच्या बाहेर सापडते. हेडरच्या जगात फाइली कोणत्याही क्रमाने, हव्या तितक्या एकाच वेळी कंपाइल करता येत. मॉड्यूलच्या जगात कोणती फाइल कोणते मॉड्यूल पुरवते हे आधी शोधून त्याप्रमाणे क्रम लावावा लागतो. म्हणजे बिल्डच्या साधनाला कंपाइल करण्याआधी सी++ चा कोड चाळता आला पाहिजे, आणि प्रत्येक कंपायलरने त्याला ही माहिती ठरलेल्या स्वरूपात दिली पाहिजे. सीमेक या सर्वांत प्रचलित साधनात हा आधार डिसेंबर २०२३ च्या ३.२८ आवृत्तीत प्रयोगावस्थेतून बाहेर आला. मानक मंजूर होऊन तोवर तीन वर्षे उलटली होती, आणि जुन्या लायब्रऱ्या मॉड्यूलमध्ये आणण्याचे काम तर त्यानंतरचे.