छप्पर उडालेलं लूव्र

गुरुवार, रात्री साडेअकरा

एका वाचनालयाचं ड्रॉइंग आज तिसऱ्यांदा केलं. छतात काच घालून वरून उजेड घ्यायचा होता. 'पावसाळ्यात गळेल' म्हणून ते खोडायला लावलं. गळतं, हे खरंच आहे. तरी चिडचिड व्हायची ती झालीच. घरी येऊन पिठलं-भात खाल्ला आणि युबेर रोबेर या जुन्या फ्रेंच चित्रकाराची दोन चित्रं उघडून बसले.

हा पॅरिसचा, जन्म १७३३चा. १७५४ला रोमला गेला आणि अकरा वर्षं तिथेच रमला. पडक्या कमानी, गवत उगवलेले खांब आणि त्यांच्याच आडोशाला कपडे वाळत घालणाऱ्या बायका, हा त्याचा आवडता माल. पुढे लोक त्याला 'भग्नावशेषांचा रोबेर'च म्हणायला लागले. दिदेरो या फ्रेंच लेखकाने १७६७च्या प्रदर्शनाबद्दल लिहिताना त्याच्यावर भरभरून लिहिलं, वर चित्रांत माणसांची गर्दी फार, अशी तक्रारही केली. मला तर ती माणसंच आवडतात.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत १७९३ला तो तुरुंगात गेला. तिथे म्हणे जेवणाच्या ताटल्यांवर चित्रं रंगवायचा. सुटल्यावर लूव्रच्या, म्हणजे पॅरिसच्या राजवाड्यातल्या नव्या संग्रहालयाच्या कामाला लागला आणि १७९६ला तिथल्या 'ग्रांद गालरी' या लांबच लांब दालनाची दोन चित्रं एकाच प्रदर्शनात लावली. पहिलं म्हणजे चक्क प्रपोजल: दालन असं करा, छतातून उजेड घ्या. (आमच्याकडे याला थ्रीडी व्ह्यू म्हणतात, आणि क्लायंट त्यातला सोफा तेवढा बघतो.)

दुसऱ्या चित्रात तेच दालन, पण कोसळलेलं. कमानीचं छत फुटून आभाळ दिसतंय, खाली दगडांचा ढीग. झूम केलं. अपोलोचा पुतळा मात्र धड उभा आहे, आणि त्याच्यासमोर एक जण निवांत बसून स्केच करतोय. आजूबाजूला इतकी पडझड, पण त्याची मान वहीतून वर नाही.

बराच वेळ त्या माणसाकडेच बघत होते. मग लक्षात आलं, त्याच्या कागदावर उजेड वरून पडतोय. पहिल्या चित्रात मागितलेला उजेड दुसऱ्यात आयता आलाय, छप्परच गेल्यामुळे! रोबेरच्या हे डोक्यात होतं की नाही, देव जाणे. पुढे खऱ्या गालरीतही छतातून उजेड घेतलाच.

उद्या चौथं ड्रॉइंग. उत्तरेच्या भिंतीत, अगदी वर, वर छज्जा देऊन खिडक्या टाकून बघते. त्या गळणार नाहीत.