क्रिस्टल पॅलेस: चार हजार गळे आणि काचेचं छत

लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनहून क्रिस्टल पॅलेसला थेट लोकल जाते. 1854 चं स्टेशन अजून वापरात आहे. बाहेर पडलं की बागेतला चढ. वर तो लोखंड-काचेचा प्रदर्शन-महाल शोधू नका, तो 1936 साली जळाला. उरल्यात रुंद पायऱ्या, ओसाड गच्च्या आणि स्फिंक्स. सगळी गर्दी खाली तळ्याकाठच्या सिमेंटच्या डायनोसॉरांपाशी. मला ते बेढब वाटतात.

मला इथे यायचं होतं ते हँडेल महोत्सवाच्या आठवणीसाठी. हँडेल म्हणजे अठराव्या शतकातला संगीतकार; इथे त्याच्या रचना गायल्या जायच्या. 1857 ला रंगीत तालमीसारखा एक महोत्सव झाला, 1859 ला हँडेलची मृत्युशताब्दी, आणि 1862 पासून दर तीन वर्षांनी. गायक हजारोंनी. लंडनच्या सेक्रेड हार्मोनिक सोसायटीभोवती गावोगावच्या गायकमंडळ्या जमवायच्या आणि समोर संचालक मायकेल कोस्टा ताल दाखवायची छडी घेऊन उभा.

खरी डोकेदुखी होती ती इमारत. मंच सुमारे 216 फूट रुंद. आवाज सेकंदाला साधारण 1,125 फूट जातो, म्हणजे एका टोकाचा सूर दुसऱ्या टोकाला जवळजवळ एक पंचमांश सेकंद उशिरा. मिनिटाला 80 ठोक्यांच्या लयीत, ठोक्याला चार स्वर असतील तर हा उशीर जवळजवळ एका स्वराएवढा! कानावर विसंबून गाणारा मागे पडणारच. नजर छडीवरच हवी. त्यात प्रचंड काचघर, सूर वर जाऊन विरायचा. म्हणून मंचाभोवती लाकडी आडोसे बांधले, पुढे वर छतही घातलं.

तरीही हँडेलच्या ‘मेसाया’ या धार्मिक संगीतरचनेतल्या जलद तानांचा काला होणार, हे उघड आहे. त्याच्याच ‘इस्रायल इन इजिप्त’मधल्या गारपिटीच्या कोरसात (समूहगानात) दोन गट एकमेकांना ठोस स्वरांत हाका देतात, तिथे मात्र हा जमाव शोभतो. कोस्टाने हँडेलच्या वाद्यमेळात पितळी वाद्यं आणि झांजा घुसडल्या म्हणून शुद्धतावादी नाकं मुरडतात. इतक्या गळ्यांपुढे नुसत्या व्हायोलिनींनी काय करायचं?

29 जून 1888 ला एडिसनचे प्रतिनिधी कर्नल गूरॉ यांनी पत्रकारांच्या गॅलरीतून एडिसनच्या फोनोग्राफवर, म्हणजे सुरुवातीच्या ध्वनिमुद्रण यंत्रावर, ‘इस्रायल इन इजिप्त’ टिपलं. गायक चार हजार, संचालक ऑगस्ट मान्स, यंत्र शंभरेक यार्डांवर. ते ध्वनिमुद्रण इंटरनेटवर सापडतं. खरखर भयंकर आहे, शब्द शोधत बसू नका. हेडफोन लावा, आधी लय पकडा. मग खरखरीतून कोरसाची लाट वर येताना कळते.