न्यूज पेजचं दोनदा आलेलं समरी

2011 चा डिसेंबर. क्लायंट न्यूझीलंडचा, त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले रात्रीचे दीड, आणि नऊला ऑफिस उघडायच्या आत काम हवं. काम तसं किरकोळच, साइटवरच्या सगळ्या पेज टाइप्सना एक समरी आणि एक फोटो द्यायचा. साइट सिल्व्हरस्ट्राइप 2.4 या वेबसाइट बनवायच्या सिस्टिमवर होती, त्यात तेव्हा डेकोरेटर म्हणायचे (2012 ला 3.0 आलं आणि त्याचं एक्स्टेन्शन झालं), म्हणजे मूळ क्लासला, पेजच्या मूळ कोडला, हात न लावता बाहेरून फील्ड्स चिकटवायची. क्लास लिहिला, कॉन्फिगमध्ये एका ओळीत पेज या मूळ क्लासवर लावला, डेव्ह बिल्ड मारलं (कोडप्रमाणे डेटाबेस बदलणारी कमांड), एडिट करायच्या फॉर्ममध्ये सगळीकडे नवा टॅब हजर. 404 च्या पानालाही समरी न् फोटो आला कारण ते पण पेजचंच पोर, म्हटलं असू दे, कोण बघतंय.

साडेदहाला न्यूज पेज एडिट करायला उघडलं तर फॉर्मच येईना. एरर काय तर, माझ्या लक्षात आलं की समरी नावाचं फील्ड तुमच्या फॉर्ममध्ये दोनदा आहे. काय ती अदब! आधीच्या डेव्हलपरने न्यूज पेजला स्वतःचं समरी दिलेलं होतं. सोप्पंय, डेकोरेटरमध्ये आधी जुनं रिमूव्ह करू, मग आपलं टाकू. केलं. तीच एरर. स्पेलिंग बघितलं, फ्लश केलं (साठवलेली जुनी कॅश पुसली), परत फ्लश केलं, चहा केला, परत फ्लश.

शेवटी सिनिअरला फोन लावला. झोपेतच म्हणाला, "अगं, तू काढतेयस तेव्हा ते फील्ड आहे का तरी तिथे?"

फील्ड्सची नावं प्रिंट केली, खरंच नव्हतं. न्यूज पेजच्या फॉर्म बनवणाऱ्या फंक्शनची पहिलीच ओळ पॅरेंटला, म्हणजे मूळ पेजच्या फंक्शनला, कॉल, डेकोरेटर चालतो तो त्या पॅरेंटच्या शेवटी, आणि न्यूज पेज आपलं समरी घालतं त्याच्याही नंतर. मी दोन तास जे काढत होते ते अजून आलेलंच नव्हतं.

पॅरेंट कॉलपुरते डेकोरेटर बंद करून शेवटी आपणच त्यांना हाक मारायची, हा उपाय होता. पण फॉर्म सुधारला तरी डेटाबेसात समरी दोन टेबलांत राहणार, आणि जुना मजकूर सगळा न्यूज पेजच्या टेबलात. म्हणून गुपचूप माझ्याच फील्डचं नाव लिस्टिंग समरी केलं, बिल्ड मारलं, एक वाजून दहा.

डेव्ह बिल्ड कॉलम बनवतं, नाव बदललं तरी जुना काढत मात्र नाही. आणि मी घाईत लाइव्ह होणाऱ्याच डेटाबेसवर काम करत होते. त्यामुळे पेज, पेज लाइव्ह आणि पेज व्हर्जन्स, तिन्ही टेबलांत तो रिकामा समरी कॉलम तसाच राहिला. पुढे नवीन आलेल्या पोराने विचारलं, "मॅडम, हा कशासाठी आहे?"

म्हटलं, "हात लावू नकोस."