बैठकीचे फोटो आणि स्वस्तातली लेन्स

शास्त्रीय गाण्याच्या कार्यक्रमात फ्लॅश मारायचा नाही, हे वेगळं सांगायला नको. मग उरतो स्टेजवरचा पिवळट उजेड आणि आपली लेन्स. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ एमएमची लेन्स पूर्ण झूम केली की एफ ५.६ वर येते (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं तोंड जास्त उघडतं). ५० एमएमची एफ १.८ लेन्स तिच्या जवळजवळ दहापट उजेड आत घेते. म्हणजे जिथे आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा; वाढवला की फोटो दाणेदार येतो) ६४०० लागत होता तिथे ६४० च्या आसपास भागतं. नवी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, घ्यायला निघालेल्यांना मी आधी हेच गणित मांडून दाखवतो.

माझ्याकडे कॅननची ५० एमएम एफ १.८ एसटीएम ही लेन्स आहे. क्रॉप सेन्सरवर (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर) ती ८० एमएमसारखी चालते, त्यामुळे पुढच्या रांगांमधून गायिका आणि मागचा तंबोरा नीट मावतो. आलापाला १/१२५ सेकंदाचा शटर स्पीड पुरतो. तबलजी द्रुत लयीत शिरले की १/५०० लासुद्धा बोटं धूसर येतात, आणि मला ती तशीच आवडतात. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन (थरथर सावरणारी सोय) इथे कामाचं नाही. ते आपला हात सावरतं, तबलजींचा नाही.

मागे बसत असाल तर ८५ एमएमची एफ १.८ लेन्स सेकंडहँड बघा. मुंबई-कोकणातल्या दमट हवेतली असेल तर मोबाईलचा टॉर्च आरपार मारून बुरशी तपासाच. निकॉनवाल्यांनो, डी३५०० सारख्या बॉडीत फोकसची मोटर नसते. जुनी एएफ-डी लेन्स (जी फोकससाठी बॉडीतल्या मोटरवर अवलंबून असते) स्वस्त मिळाली तरी फोकस हातानेच करावा लागेल. आणि शटरचा आवाज? समेवर दाद येते, तेव्हा दाबा.